डीजीसीएवर केस टाकायच्या आधी वकिलाला सहा हजार दिले, वसूल झाले का? (५ पैकी ४ स्टार)

वकिलाचा कुणी रिव्ह्यू लिहितं का, असं आमचे हे मघापासून विचारतायत. अहो पार्लरचा लिहितात, मिसळीचा लिहितात, पाणीपुरीवाल्याचा फोटोसकट लिहितात, मग ज्या एका तासाचे आपण सहा हजार रुपये मोजले त्याचा का नाही? लिहिणार.

नाव मात्र टाकत नाहीये. टाकणारच होते, पण वकीलबाईंनी हात जोडले, म्हणाल्या ताई वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, नियम ३६ आहे त्याचा, तुम्ही कौतुकाने लिहाल आणि मला उत्तरं देत बसावं लागेल. त्यामुळे फोर्टमधल्या, हुतात्मा चौकापासून चालत पाच मिनिटांवरच्या एक वकीलबाई, एवढंच. ओळखीच्यांनी ओळखलं तर ओळखा.

तर झालं असं की आमची लेक पायलट होतेय. म्हणजे उडवून झालं होतं, कागद व्हायचे होते. कमर्शियल लायसन्स, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, त्याला २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास तुम्ही स्वतः पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची सगळी जबाबदारी तुमच्यावर, त्यातलेही १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले. शिवाय ३०० नॉटिकल मैलांची एक लांब क्रॉस कंट्री, ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग करायचं. हे सगळं मला आता झोपेत विचारलं तरी सांगेन, वर्षभरापूर्वी नॉटिकल मैल आणि साधा मैल यात फरक असतो हेही माहीत नव्हतं. तर हे सगळं करून डीजीसीएकडे, म्हणजे पायलटला लायसन्स देणाऱ्या केंद्र सरकारच्या विमान खात्याकडे, अर्ज भरला आणि तो क्वेरी लागून, म्हणजे शंका काढून, परत आला. ३०० मैलांच्या फ्लाइटचा पुरावा नीट नाही म्हणे. आम्ही उत्तर दिलं, परत क्वेरी. तीच.

आता आमच्या घरचा हुशारपणा ऐका. ह्यांनी रात्री जागून नकाशावर पट्टीने रेघा मारल्या, कुठून कुठे किती मैल ते लिहिलं, रंगीत प्रिंट काढली आणि ती अपलोड केली. पहिल्या क्वेरीला फ्लाइंग स्कूलचं सर्टिफिकेट परत जोडलं, दुसरीला नकाशा. क्वेरीच्या शेवटी "लॉगबुकातील नोंदीशी पडताळा करून" असं लिहिलेलं होतं (लॉगबुक म्हणजे पायलटची प्रत्येक उड्डाणाची नोंदवही), ते शब्द घरातल्या तिघांनीही वाचले आणि तिघांनीही सोडून दिले. हे आज लिहिताना हसू येतंय, तेव्हा रडू यायचं, कारण अर्ज फेटाळला गेला आणि नवा भरावा लागला तर तारीख नवी, आणि मग ते सहा महिन्यांतले १५ तास जुने होणार. तिच्या स्कूलचा रेट तासाला सोळा हजार होता. गुणाकार करा, दोन लाख चाळीस हजार. कर्ज आधीच डोक्यावर.

मग घरात रोज रात्री जेवताना एकच विषय, केस टाकायची. हे म्हणायचे सरळ डीजीसीएला कोर्टात खेचू. सासरे म्हणायचे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ह्यांना त्या चारकोपच्या अमोल यादवांचं भारी वेड, ज्यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडियात बीकेसीला आणून ठेवलं. त्यांना त्या विमानाचं रजिस्ट्रेशन मिळवायला २०१७ उजाडलं, किती वर्षं खेटे घातले माणसाने, मग आपण का गप्प बसायचं, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हणलं अहो त्यांनी विमान बांधलंय, तुम्ही नकाशा काढलाय.

आधी अर्थातच स्वस्तातला मार्ग. मोबाइलवर एक ॲप आहे, ४९९ रुपयांत पंधरा मिनिटं वकील. त्याला १ स्टार, तोही फोन लागला म्हणून. समोरच्या मुलाने चार मिनिटांत निकाल दिला, ग्राहक कोर्टात टाका, तिथे वकीलही लागत नाही, आणि अजून दोन हजार भरलेत तर मी पंधरा दिवसांची लीगल नोटीस ड्राफ्ट करून देतो. भरले. नोटीस आली, दीड पान, कडक भाषा, वाचून ह्यांची छाती फुगली. त्यात एअरक्राफ्ट ॲक्ट १९३४ चा तीन वेळा उल्लेख होता. ही नोटीस पाठवायची एवढंच बाकी होतं, पण लेक म्हणाली आई, मला अजून पन्नास वर्षं ह्याच लोकांकडून लायसन्स रिन्यू करून घ्यायचंय, एकदा कुणाला तरी नीट दाखवू. पोरीचं ऐकलं, बरं झालं.

फोर्टच्या बाई आमच्या बँकेतल्या जुन्या मैत्रिणीने सुचवल्या. फोनवरच सांगितलं, तासाचे सहा हजार, केस घेतली नाही तरी परत मिळणार नाहीत, आणि येताना ओरिजिनल लॉगबुक आणा, क्वेरीचे सगळे ईमेल तारखेप्रमाणे लावून आणा, तुमची कहाणी लिहून आणू नका. हे शेवटचं मला लागलं, कारण मी सात पानं लिहून ठेवली होती.

डोंबिवलीवरून सीएसएमटी, तिथून डी. एन. रोडने चालत. जुनी बिल्डिंग, लाकडी जिना, तिसरा मजला, लिफ्टवर "बंद आहे" ही पाटी इतकी जुनी की पाटीलाच गंज. चेंबर म्हणजे आमच्या किचनएवढी खोली, छतापर्यंत फायली, एक टेबल, एक ज्युनियर, उदगीरचा मुलगा, विशीचाच वाटला मला.

बाईंनी ॲपवाल्याची नोटीस हातात घेतली आणि पहिल्या परिच्छेदावरच थांबल्या. म्हणाल्या १९३४ चा कायदा गेला की हो, १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू आहे, जुने १९३७ चे नियम तेवढे चालू राहिलेत, ही नोटीस गेली असती तर पहिल्या ओळीतच कळलं असतं की समोरच्याने काही वाचलेलं नाही. मग पंधरा दिवसांच्या मुदतीवर बोट ठेवलं. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते, फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी काढून सूट मिळते, पंधरा दिवस हा आकडा कुठून आला देव जाणे. आणि हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी कामाविरुद्ध थेट दाद मागणारी याचिका, करायची असेल तर ते कलम ८० लागतच नाही. म्हणजे नोटीस एका दाव्याची, मुदत तिसऱ्याच कशाची.

ग्राहक कोर्टाचं ऐकून तर त्या हसल्याच. लायसन्स देणं म्हणजे दुकानदारी नाही ताई, ते कायद्याने नेमून दिलेलं काम आहे, परीक्षा मंडळाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच म्हणलंय की मंडळ परीक्षा घेतं ती सेवा विकत नाही आणि विद्यार्थी ग्राहक नाही, त्याच रांगेतलं हे, तुम्ही दोन वर्षं तिथे घालवली असतीत. माझे २४९९ रुपये तिथेच बुडाले हे मान्य करून टाकलं मनातल्या मनात.

हे चालू असताना तो ज्युनियर काही बोलत नव्हता. त्याने लॉगबुक उघडलं होतं, एक लाकडी फूटपट्टी घेतली होती आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत पेन्सिलीने बारीक टिंब देत चालला होता. आमच्या बँकेत जुने लोक लेजर टॅली करायचे तसं अगदी. बाजूला स्कूलचं सर्टिफिकेट. मला वाटलं बिचाऱ्याला काम नाही म्हणून बसवलंय. वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, काकू, जरा इकडं बघा. सर्टिफिकेटवर ३०० मैलांच्या फ्लाइटची तारीख १७. लॉगबुकात ती फ्लाइट १४ ला आहे. आणि १७ ला लॉगबुकात काय आहे तर त्याच दिवशी इन्स्ट्रक्टरबरोबर ड्युअल, सर्किट अँड लँडिंग, एक तास दहा मिनिटं. म्हणजे कागदावर आमची लेक त्या दिवशी एकटी तीनशे मैल गेली होती आणि त्याच दिवशी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून स्कूलभोवती घिरट्याही घालत होती.

कुणीच काही बोललं नाही. लेकीचा चेहरा पांढरा पडला. हे नकाशाची गुंडाळी हळूच पिशवीत सरकवत होते, मी बघितलं. स्कूलच्या ऑफिसात कुणीतरी टाइप करताना ४ चा ७ केला होता आणि आम्ही तेच सर्टिफिकेट दोनदा पाठवून क्वेरी का सुटत नाही म्हणून दिल्लीच्या नावाने बोटं मोडत होतो. क्वेरी बरोबर होती. स्कूलचं नाव लिहीत नाही, चूक टायपिंगची होती आणि पुढे त्यांनी सुधारूनही दिली, पण सही करायच्या आधी एकदा तरी वाचायचं होतं. आम्हीही वाचायचं होतं म्हणा.

आता तुम्ही म्हणाल मग वकील कशाला, पट्टीवाला मुलगा पुरे. पण उरलेल्या अर्ध्या तासात बाईंनी जे सांगितलं ते मला जास्त कामाचं वाटलं, कारण सगळ्यांची चूक टायपिंगची नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ऑर्डर कुठाय? आमच्याकडे ऑर्डर नव्हतीच, क्वेरी होती. क्वेरी म्हणजे नकार नाही, त्यावर कोर्ट म्हणणार आधी उत्तर द्या. नकार आला, लायसन्स सस्पेंड झालं, तर ती ऑर्डर, आणि ऑर्डर आली की आधी बघायचं त्यावर अपील कुणाकडे आहे. खात्यातच वर अपील असेल तर हायकोर्ट साधारण विचारतं, तिकडे का नाही गेलात. त्याला अपवाद आहेत, सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा व्हर्लपूलचा निकाल त्यासाठी सगळे वकील दाखवतात, म्हणजे तुमचं म्हणणं न ऐकताच ऑर्डर काढली, किंवा त्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता, किंवा मूलभूत हक्काचा प्रश्न आहे, किंवा नियमालाच आव्हान आहे, तर थेट जाता येतं.

दुसरं, मागणार काय? हे म्हणाले लायसन्स. बाई म्हणाल्या हायकोर्ट लायसन्स छापत नाही हो. उशिराच्या प्रकरणात जास्तीत जास्त काय मिळतं, तर अमुक आठवड्यांत अर्जावर निर्णय घ्या असा आदेश. आणि त्या निर्णयात १७ तारीख बघून नकारच आला असता. म्हणजे पैसे भरून, कोर्टाचा शिक्का मारून, आम्ही आमचाच नकार लवकर मागून घेतला असता! हे ऐकून मला खरंच घाम फुटला.

तिसरं, कुठे? डीजीसीएचं मुख्यालय दिल्लीत, सफदरजंग विमानतळासमोर, त्यामुळे ह्यांना वाटत होतं दिल्लीला खेटे घालावे लागणार. तसं नाही, घटनेच्या कलम २२६ खाली, तक्रारीचं कारण थोडं जरी इथे घडलं असेल तर इथल्या हायकोर्टातही जाता येतं. २०२० मध्ये कोविडात विमानातल्या मधल्या सीटचं प्रकरण आठवतंय का, एअर इंडियाचाच एक पायलट मुंबई हायकोर्टात गेला होता, त्यात डीजीसीए होतंच की समोर, पुढे जूनमध्ये कोर्टाने मधल्या सीटवर बसवायला परवानगी दिली ते वेगळं. आणि आता तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच सर्किट बेंच झालंय, नागपूर, संभाजीनगर, पणजी आधीपासून आहेतच, त्यामुळे प्रत्येकाने फोर्टला येऊन हा जिना चढायची गरज नाही.

खर्चाचं त्यांनी स्पष्ट सांगितलं, हे मला आवडलं. कोर्ट फी किरकोळ, खरा खर्च ड्राफ्टिंग आणि उभं राहायचा. त्यांचा स्वतःचा आकडा पिटिशनचे सत्तर हजार आणि प्रत्येक तारखेचे वेगळे, मोठा काउन्सिल, म्हणजे कोर्टात बोलायला नावाजलेला वकील, लावला तर बोलायलाच नको. तारीख म्हणजे बोर्डावर आली म्हणून ऐकली असं नाही, तीन वेळा येऊन न ऐकता परत जायची तयारी ठेवा, त्याचेही पैसे होतात.

मग वकिलाशिवाय? लेकीने विचारलं, मॅम मी स्वतः उभी राहिले तर? राहता येतं, बाई म्हणाल्या, पण मुंबई हायकोर्टात आधी रजिस्ट्रीची कमिटी तुमच्याशी बोलते, कागद बघते, तुम्ही कोर्टाला नीट मदत करू शकाल का हे ठरवते. आणि मग एक गोष्ट सांगितली जी मला कुणीच सांगितली नव्हती, की बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागायचा हक्क आहे, १९८७ च्या कायद्यातच आहे, हेल्पलाइन १५१००. सहा हजार घेणारी बाई समोर बसून फुकटचा पत्ता देतेय, ह्याला मी वेगळा अर्धा स्टार दिला असता, सोय असती तर.

माहितीच्या अधिकाराचंही त्यांनीच सुचवलं. दहा रुपये, तीस दिवस, फाइलवर कुणी काय शेरा मारलाय ते मागा, केस करायची असेल तरी तो कागद हातात असलेला बरा. आम्हाला लागलं नाही, पण ज्यांना क्वेरीच कळत नाहीये त्यांनी सत्तर हजारांच्या आधी हे दहा रुपये घालवून बघा.

आणि केस करूच नये असं बाईंचं अजिबात म्हणणं नाही बरं का. मी विचारलं तुम्ही कधी म्हणता टाका म्हणून? त्या म्हणाल्या, न ऐकता लायसन्स काढून घेतलं तर त्याच दिवशी या, विचार करत बसू नका. आणि नियमाचाच प्रश्न असेल तर संघटनेने जावं. पायलटांच्या ड्युटीच्या तासांचं बघा, आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून ४८ करायचे नियम जानेवारी २०२४ ला आले, मग लांबले, पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, तेव्हा कुठे २०२५ च्या १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू करायचं ठरलं. डिसेंबरात मग विमानं रद्द होऊन काय गोंधळ झाला तो सगळ्या देशाने पाहिला आणि एका कंपनीला फेब्रुवारीपर्यंत सूटही मिळाली, पण निदान तारखा कागदावर आल्या त्या कोर्टामुळे. ते काम एकट्या पायलटने कर्ज काढून करायचं नसतं. ह्यांनी यावर मान डोलावली, जणू हेच ते इतके दिवस सांगत होते.

शेवटी आम्ही काय केलं तर स्कूलकडून चीफ इन्स्ट्रक्टरच्या सहीने दुरुस्त सर्टिफिकेट आणलं, चूक कशी झाली त्याचं त्यांचं पत्र आणलं, आणि बाईंनी आणखी चार हजार घेऊन क्वेरीचं उत्तर लिहून दिलं. एक पान. मी सात पानं लिहिली होती त्याचं एक पान, त्यात एकही विशेषण नाही, नुसतं लॉगबुक पान अमुक, ओळ तमुक, जोडपत्र १, जोडपत्र २. ॲपवाल्याची कडक नोटीस आणि हे पान शेजारी ठेवून बघितलं तर वकिलीतला फरक माझ्यासारखीलाही कळला. उत्तर गेलं, त्याच अर्जावर पाचव्या आठवड्यात लायसन्स आलं. म्हणजे पहिल्या तारखेचाच अर्ज, ते १५ तास वाचले.

हिशोब सांगते, दहा हजार फोर्टला, २४९९ ॲपला, प्रवास आणि ह्यांच्या नकाशाची रंगीत प्रिंट वेगळी. वाचले दोन लाख चाळीस हजार आणि पिटिशनचे सत्तर.

जाणार असाल तर ओरिजिनलबरोबर झेरॉक्सचे दोन सेट न्या, आम्ही एकच नेला आणि खाली जाऊन परत काढून आणावा लागला. पावती मागा, आपणहून देत नाहीत, मी मागितल्यावर लगेच दिली पण. तास म्हणजे घड्याळी तास, साठाव्या मिनिटाला ज्युनियर खुर्ची सरकवतो, त्यामुळे चहाला हो म्हणू नका, चहा येऊन थंड होईपर्यंत सात मिनिटं जातात, म्हणजे सातशे रुपये. दुपारी एकनंतरची वेळ मागा, सकाळी बाई कोर्टात असतात आणि उशीर झाला तर त्यांचा उशीर तुमच्या तासात धरत नाहीत, तेवढा प्रामाणिकपणा आहे.

एक स्टार मात्र कापलाय, तो जिन्याचा. तीन मजले, दोनदा, झेरॉक्समुळे, आणि लिफ्टची ती पाटी आम्ही परत गेलो तेव्हाही तिथेच होती.